१७४ बीपीएमवर स्क्रॅच बसत नाही. बेळगाव-खानापूर-निपाणीकडचं कोणी करतंय काय?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. राहायला अनगोळ, दिवसा उद्यमबागेत सीएनसीवर, रात्री हेडफोन घालून डेकवर. गणपतीत गल्लीच्या गाडीवर वाजवतो, पण तिथं नुसतं मिक्सिंग. स्क्रॅचचं (तबकडी हातानं पुढं-मागं घासून आवाज काढायचं) वेड घरातलं.

अडचण अशी. हिपहॉपच्या ८५-९५ बीपीएमवर (मिनिटाला तेवढे ठोके) बेबी, टेअर, चर्प आणि एक क्लिकचा फ्लेअर हे स्क्रॅचचे प्रकार बरे बसतात. पण माझा जीव ड्रम अँड बेसवर. तो लावला की १७४. हात पळवतो, मनगट भरून येतं, आणि नंतर रेकॉर्डिंग ऐकलं की नुसती चरचर. खालच्या ट्रॅकशी तिचं काही देणंघेणंच नाही. १५० च्या हार्डस्टाइलवरही तेच. शिकवणारे व्हिडिओ बघावेत तर सगळे संथ बीटवर.

सामान: टेक्निक्सचं जुनं एसएल-१२०० एमके२, जोडीला दुसऱ्या कंपनीचं एक डायरेक्ट ड्राइव्ह, दोन चॅनलचा जुना बॅटल मिक्सर, लॅपटॉपवर मिक्स (नावात शेवटी तीन एक्स असलेलं, फुकटचं) आणि टाइमकोडच्या तबकड्या.

कोण करूलालं असलं तर सांगा की.

चिकोडी_एक्सप्रेस

भावा, विसर्जनाला गाडीपुढं पोरं नाचुलालेली असतात. तिथं तुझी चरचर कोण ऐकतंय? ड्रॉप सोड, बीट दणक्यात पडू दे, हॉर्न मार, विषय कट.

उद्यमबागकर

गाडीवर करतो म्हटलं काय मी? घरात करूलालोय. धागा नीट वाच की गा.

तबला_शहापूर

मला डीजेतलं काही कळत नाही. पुतण्या करतो म्हणून या विभागात डोकावतो. पण तुमचं दुखणं लयीचं दिसतंय, म्हणून लिहितो.

मिनिटाला १७४ मात्रा म्हणजे द्रुत लय. द्रुतात तबलजी विलंबितातलाच हात दुप्पट वेगानं हलवतो असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. हात उलट लहान होतो. मनगट जवळजवळ थांबतं आणि काम बोटांवर जातं. ‘तिरकिट’ बोटं वाटून घेऊन वाजतं, म्हणून ते पळतं. प्रत्येक अक्षराला अख्खा हात उचलला तर कोणाचाही हात भरेल.

दुसरं, तुम्ही पाय कुठं आपटताय? १७४ ला आपटत असाल तर शरीर पहिल्यापासूनच घाईत आहे. निम्म्यावर आपटा. ८७ ची बराबर (मूळ चाल) मनात धरा आणि समोर वाजतंय ती तिची दुगुन, म्हणजे दुप्पट, समजा. लय पायात संथ राहिली की हाताला विचार करायला जागा मिळते. आमच्याकडं नवख्या पोराला दुगुन शिकवताना तोंडानं बोल म्हणून घेतात, हातावर टाळी मात्र बराबरचीच. तुम्हीही आधी तोंडानं म्हणून बघा. जे तोंडात बसत नाही ते हातात येत नाही.

जुनी_तबकडी

वरच्या गुरुजींनी डीजेतलं कळत नाही म्हणत नेमकं तेच सांगितलं! त्यात माझ्याकडून थोडं गणित.

स्क्रॅच जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, १९७० च्या दशकाच्या मध्याला. श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोर या तेव्हा शाळकरी असलेल्या पोराला दिलं जातं. ज्या संगीतावर स्क्रॅच वाढला ते सगळं साधारण ९० ते ११० च्या आसपासचं, म्हणून बहुतेक स्क्रॅचची मापं त्या वेगाला शिवलेली आहेत. पुढं १९९० च्या सुरुवातीला इंग्लंडात जंगल आलं, त्यातून ड्रम अँड बेस. त्यात जुने फंकचे ब्रेकबीट पळवून १६० च्या वर नेले, पण बेसलाइन बऱ्याचदा निम्म्याच चालीनं ठेवली. म्हणजे त्या संगीतात दोन वेग मुळातच एकत्र नांदतात. तुम्ही ढोलाच्या मागे पळताय, बेसच्या मागे जा. ८७ म्हणजे तुमचं हिपहॉपच झालं.

आता आकडे. १७४ ला एक ठोका ३४५ मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले तर एकेक ८६ चा. दर ८६ मिलिसेकंदाला हातानं तबकडी पुढं-मागं करायची म्हणजे सेकंदाला साडेअकरा वेळा दिशा बदलायची. स्क्रिबलमध्ये दंड ताठ करून थरथरवता येईल तेवढंच, त्यात ताबा काही राहत नाही. ८७ धरलं तर ठोका ६९० चा आणि त्याचा चौथा भाग १७२ चा. हा वेग तुमच्या हातात आत्ताच आहे, तुम्हीच लिहिलंय ८५-९५ बसतं म्हणून.

मग वेग आणायचा कुठून? फेडरमधून, म्हणजे मिक्सरवर आवाज उघड-बंद करणाऱ्या सरकत्या बटणातून. तबकडीचा हात १७२ वर ठेवा. एक क्लिकच्या फ्लेअरमध्ये फेडर मधे एकदा मिटून उघडतो (हाच क्लिक), म्हणून एका फेकीचे दोन आवाज होतात. पुढं दोन, मागं दोन, मिळून चार. ते चार आवाज ३४५ मिलिसेकंदांत, म्हणजे १७४ च्या बरोबर एका ठोक्यात मावतात. गुरुजींचं तिरकिट ते हेच. ऐकणाऱ्याला वाटतं हात विजेसारखा चालला आहे. हात चाललाय ८७ च्या चालीनंच.

दोन क्लिकचा फ्लेअर घेतला की एका फेकीचे तीन आवाज. तिथं हात आणखी संथ करा, फेक अख्ख्या ३४५ ची. तीन आवाज प्रत्येकी ११५ चे. हे १७४ वर तिगुन होऊन बसतं आणि कानाला फार गोड लागतं, कारण खालचा ड्रम चारात बोलतोय आणि तुम्ही तीनात.

उद्यमबागकर

जुनी_तबकडी काका, हे वाचून जेवण गार झालं. आज रात्रीच बघतो. एक शंका: दोन क्लिकवर माझा फेडर उशिरा उघडतो असं वाटतंय. हात की सामान?

जुनी_तबकडी

दोन्ही असू शकतं. फेडर कडेपासून किती सरकला की आवाज उघडतो ते बघा. पुरता मिलिमीटरही लागायला नको. मिक्सरवर कर्व्हचं बटण असेल तर ते सगळ्यात तीव्र बाजूला. फ्लेअरमध्ये फेडर उघड्यापासून सुरू होतो आणि तुम्ही तो मिटून पुन्हा उघडता. ट्रान्सफॉर्मची (फेडरनं लांब आवाजाचे तुकडे पाडायची) सवय असलेली माणसं मिटल्यापासून सुरू करतात, मग पहिलाच आवाज गिळला जातो.

आणि पावसाळ्यात बेळगावची हवा! फेडर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तो स्प्रे. बिजागऱ्यांना मारतात ते गंजावरचं तेल चुकूनही नको, त्यावर धूळ बसते आणि फेडर जातो. मिक्सर झाकून ठेवताना आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

खानापूर_कट्टा

काकांच्या आकड्यांत मला एक जोडायचंय, लॅपटॉपचा. टाइमकोड म्हणजे तबकडीतून गाणं येत नाही, नुसता एक सूर येतो. सॉफ्टवेअर तो वाचून सुई कुठं आहे, कुठल्या दिशेला आणि किती वेगात ते ठरवतं आणि मग फाइल तशी हलवतं. या वाचण्याला वेळ लागतो. बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढं दिला जाणारा आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पल ठेवलात तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसता बफरच २३ मिलिसेकंदांचा. हिपहॉपच्या १७२ च्या घरात २३ चालून जातात. ८६ च्या घरात ते पाव हिस्सा खातात! हात बरोबर पडतो आणि आवाज मागून येतो, मग माणूस नकळत हात आधी टाकायला लागतो आणि सगळंच विस्कटतं.

बफर २५६ वर आणा (५.८ मिलिसेकंद), जमलं तर १२८ (२.९). विंडोजवर असाल तर एएसआयओ ड्रायव्हर, लिनक्सवर जॅक हे सॉफ्टवेअर. तडतड यायला लागली की एक पायरी मागं या. वायफाय बंद, अँटिव्हायरस बंद, आणि चार्जर लावूनच बसा, बॅटरीवर प्रोसेसर स्वतःहून मंदावतो.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसफेडरचा कर्व्हही बदलता येतो आणि उलटाही करता येतो, हॅमस्टर म्हणतात त्याला. पण फेडर तुमच्या मिक्सरवरचा असेल तर तिथलीच सेटिंग कामाची.

निपाणी_बेस

मी साउंडवाला. दोन बेस, चार टॉपपासून ते मोठ्या सेटअपपर्यंत सगळं लावतोय. तुमचं ते तिगुन-चौगुन ऱ्हाऊ द्या, माझं म्हणणं आवाजाचं हाय.

आजकालचं ईडीएम लई ठासून भरल्यालं असतंय. ड्रॉपमध्ये किक (मोठ्या ढोलाचा ठोका), बेस, वर सॉ-सिंथचा थर, त्यावर व्होकल. भज्यांचा घाणा काठोकाठ भरल्याला, त्यात तू आणखी एक भजं टाकलंस तर दिसणार कसं? तुझं स्क्रॅचचं नेहमीचं ‘आह’ राहतंय एक ते तीन किलोहर्ट्झमधी आणि सिंथ बी तितंच ठाण मांडून. म्हणून चरचर वाटतंय. हात चुकला म्हणून न्हाई.

काय करायचं: चालू ट्रॅकचा मिड थोडा खाली घे, अर्धा न्हाई, जरासाच. स्क्रॅचच्या चॅनलचा लो पुरता मार. पुरता. ‘आह’मधी बेस नसतोय असं वाटतंय, पण तबकडी हळू सरकवली की तोच आवाज खाली उतरतोय आणि किकला जाऊन धडकतोय. आमच्या गाडीवर एकानं लो उघडा ठेवून स्क्रॅच मारल्याला, बेसचे कोन बाहेर यायचेच बाकी ऱ्हायलेते.

आणि टर्नटेबल बेसच्या जवळ असलं तर सुई आवाज परत उचलतीया आणि घूं सुरू. घरात बी. खाली कडप्पा घाल आणि कडप्प्याखाली जाड स्पंज. गाडीवर टर्नटेबल न्यायचंच न्हाई, खड्ड्यात सुई थेट लेबलवर.

चिकोडी_एक्सप्रेस

बघ, मी काय म्हणत होतो!

चोर्ला_घाट

मी बेळगावचीच, टिळकवाडीत वाढलेली, सध्या गोव्यात वाजवते. माझं मुख्य काम सायट्रान्स, १४० ते १४८. स्क्रॅच अधूनमधून. काकांचं निम्म्या लयीचं म्हणणं ड्रम अँड बेसला शंभर टक्के लागू आहे, पण ते जसंच्या तसं सगळीकडं नेऊ नका.

ड्रम अँड बेसमध्ये किक-स्नेअरची मांडणी तुटक असते, मधे भोकं असतात. हार्डस्टाइल, सायट्रान्स, टेक्नो यांत किक प्रत्येक ठोक्याला, न चुकता. सायट्रान्समध्ये तर दोन किकमधल्या उरलेल्या तीन घरांत बेस बसलेला. तिथं निम्मी लय धरली तर १४५ चं ७२ होतं आणि स्क्रॅच मागं ओढल्यासारखा वाटतो, झोपाळू. नाचणाऱ्याला दोन गोष्टी ऐकू येतात आणि त्याचा पाय गोंधळतो.

तिथं मी ट्रान्सफॉर्मवर जाते. तबकडी एकदाच हळू ढकलायची, दोन ठोके भरून, आणि फेडरनं त्या एका लांब आवाजाचे तुकडे पाडायचे. १४५ ला चौथा भाग १०३ मिलिसेकंदांचा येतो. एका बोटानं तो फार वेळ टिकत नाही, म्हणून तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं फेडरवर आपटायचं आणि समोरून अंगठ्यानं परत ढकलायचं. ट्विडल म्हणतात. त्यात अनामिका आणि करंगळी वाढवली की क्रॅब, डीजे क्यूबर्टमुळे जगभर गेलेला. पण क्रॅब हा मिरवायचा दागिना आहे, रोज घालू नये.

आणि किकवर आवाज टाकूच नका. किकच्या अध्येमध्ये, ऑफबीटवर टाका. किकला एकटं सोडलं की सगळं स्वच्छ ऐकू येतं.

जुनी_तबकडी

ताई, मान्य. मी फक्त १७४ चं बोलत होतो, पण वाचणाऱ्याला ते सगळ्यालाच लागू वाटलं असतं. १५० ला मात्र मला अजून वाटतं की ब्रेकडाउनमध्ये ७५ धरून वाजवायला हरकत नाही, किक नसतेच तेव्हा. ड्रॉप आला की तुमचा रस्ता.

चोर्ला_घाट

ब्रेकडाउनमध्ये हो. तिथं तर स्क्रॅचचं खरं घरच असतं.

थोडं यावरही लिहिते, कारण उद्यमबागकर यांनी विचारलेलं ‘बसत नाही’ हे निम्मं जागेचं आहे. हे संगीत १६ किंवा ३२ बारच्या वाक्यांत बोलतं. वाक्य संपताना निर्माता स्वतःच जागा सोडतो: ड्रम गळतात, एखादा रायझर चढतो, ड्रॉपच्या आधी कधी अर्धा तर कधी अख्खा बार शांत. त्या शेवटच्या दोन बारमध्ये स्क्रॅच घाला आणि ड्रॉपच्या एक ठोका आधी हात उचला. संपूर्ण ट्रॅकवर चार मिनिटं स्क्रॅच करत राहणाऱ्याला मी तरी ऐकू शकत नाही. मिक्सचे इंट्रो-आउट्रो, जिथं नुसते ड्रम असतात, ती दुसरी मोकळी जागा.

गाणारा गात असताना गप्प बसा. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

तबला_शहापूर

समेवर यायचं आणि तिथं थांबायचं. तिहाई घेऊन या हवं तर.

उद्यमबागकर

गुरुजी, तिहाई! तीनदा तेच, शेवटचा ठोका ड्रॉपवर. हे डोक्यात आलंच नव्हतं. पण ताई म्हणतात एक ठोका आधी हात उचला, तुम्ही म्हणता समेवर या. कोणाचं ऐकू?

चोर्ला_घाट

गुरुजींचं ऐक, पण शेवटचा आवाज छोटा ठेव. एकच स्टॅब, पुढं ढकलून लगेच फेडर बंद. किकच्या डोक्यावर टाचणीएवढा बसला तर छानच लागतो. लांब ‘आऽह’ सोडलास तर ड्रॉपची पहिली किकच झाकली जाईल.

निपाणी_बेस

पयल्या किकला कुणी हात लावायचा न्हाई. पब्लिक त्याच्यासाठी आल्याली असतीया.

उद्यमबागकर

बरं, आता सॅम्पलचं. ते ‘आह’ आणि ‘फ्रेश’ सगळेच वापरतात. १९८२ च्या एका बारा इंची तबकडीच्या मागच्या बाजूवरचा, व्होकोडरमधून काढलेला आवाज तो, हे माहीत आहे. पण बेळगावात बसून मी पण तेच चाळीस वर्षांचं ‘आह’ घासू? हलगी, ताशा, संबळ यातलं काही चालेल काय? कोणी बघितलंय?

खानापूर_कट्टा

हलगी चालते, पण एक अडचण. ठोका फार आखूड. आवाज सुरुवातीला ताडकन येतो आणि लगेच मरतो, म्हणजे तबकडी पुढं सरकवायला अंगच उरत नाही. स्टॅबला उत्तम, फ्लेअरला निरुपयोगी. फ्लेअरच्या मधे फेडर मिटून उघडला की आत आवाज शिल्लक असावा लागतो. हलगी तापवून कडक केलेली असेल आणि उघड्या माळावर रेकॉर्ड केली असेल तर थोडी झणझण मागं राहते, ती वापरा. खोलीत रेकॉर्ड केलीत तर भिंतीचा घुमारा सॅम्पलमध्ये येतो आणि उलट फिरवल्यावर तोच आधी ऐकू येतो.

संबळाचा घुमणारा ठोका बरा. शहनाईचा एक लांब सूर तर फारच बरा, सपाट आणि भरलेला. ट्रान्सफॉर्मला तेच हवं.

जुनी_तबकडी

माझं मत विचाराल तर चौंडकं. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत जोगत्यांच्या हातात बघितलं असेल. खाली चामड्यानं मढवलेलं लाकडी नळकांडं, त्यातून निघालेली तार, तार ताणली-सैल सोडली की सूर वर-खाली सरकतो. म्हणजे स्क्रॅचमध्ये तबकडीचा हात जे करतो ते हे वाद्य आधीपासूनच करतंय. त्याचा एक लांब चढता सूर घेतला आणि तबकडीवर उलट ओढला तर सूर उतरतो, आणि हाताच्या वेगानं पुन्हा चढतो. दोन वळणं एकमेकांत अडकतात. मी घरी करून पाहिलंय. ‘आह’पेक्षा खूप जिवंत वाटतं आणि मिड किंचित वरच्या बाजूला असल्यामुळे सिंथच्या गर्दीतूनही डोकं काढतं.

तबला_शहापूर

एक विनंती. वाजवणाऱ्याला विचारून, चार पैसे देऊन रेकॉर्ड करा. आणि देवीच्या गाण्यातले शब्द त्यात येऊ देऊ नका. नुसतं वाद्य घ्या. जे पद म्हणून गायलं जातं ते ड्रॉपच्या आधी मागं-पुढं ओढलेलं कोणाच्या तरी कानाला लागेल, आणि लागलं तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

चिकोडी_एक्सप्रेस

गुरुजींना माझाही पाठिंबा. (हे एकच वाक्य गंभीरपणे लिहितोय, सेव्ह करून ठेवा.)

निपाणी_बेस

बरोबर हाय. गावात ऱ्हायचंय आपल्याला.

उद्यमबागकर

सांगितलेलं एकेक लावून बघूलालोय. मध्यंतरी बफर २५६ वर आणला, फरक लगेच कळला. फेडर साफ केला. त्याचा नॉब घसरायचा म्हणून डेलरिन प्लास्टिकचा नवा लेथवर काढला, उंची थोडी कमी ठेवली, बोटं आता घट्ट बसतात. (कोणाला हवा असेल तर दांड्याचं माप पाठवा.) स्लिपमॅटखाली (तबकडीखालची निसरडी चकती) बेकरीत वापरतात तो चिकट न होणारा कागद गोल कापून टाकला, तबकडी एकदम हलकी फिरते.

पाय ८७ वर आपटत, तोंडानं तिरकिट म्हणत करूलालोय. आई विचारते डीजे की तबला? एक क्लिकचा बसला. दोन क्लिकचा तिगुनात बसतो, पण चार ठोक्यांनंतर हात पुढं पळतो. तिथं काय करायचं?

जुनी_तबकडी

दोन क्लिकला पळतोय म्हणजे क्लिक फेकीत सारखे वाटले गेलेले नाहीत, दुसरा घाईत पडतोय. ट्रॅकचा वेग मास्टर टेम्पो लावून १४० वर आणा, सूर तोच राहील. तिथं सरळ झाला की चार-चारनं चढवा. ‘तकिट’ म्हणा, तीनही अक्षरं सारख्या वजनाची. ‘ट’ गिळू नका.

अजून एक गंमत, ४५ च्या बटणाची. ३३⅓ ला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची. त्या फेरीत बरोबर चार ठोके बसवलेल्या तबकड्या मिळतात, म्हणजे १३३.३ बीपीएम. सुई उडून शेजारच्या खाचेत गेली तरी त्याच ठोक्यावर पडते, म्हणून त्यांना स्किपलेस म्हणतात. तीच तबकडी ४५ वर फिरवली तर १८० होते. पिच ३.३ टक्के खाली आणा, १७४! तुमच्या एमके२ चा पिच आठ टक्के वर-खाली जातो, म्हणजे आरामात. १७४ वर ड्रमिंग करायचं असेल, किक-स्नेअर हातानं मांडायचे असतील, तर सुईची काळजीच मिटते. सूर वर चढलेला असेल, ड्रमला तो चालतो.

सुईचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास, अँटिस्केट शून्य. शुअरची एम४४-७ मिळाली तर घ्या असं पूर्वी डोळे मिटून सांगायचो, पण २०१८ ला त्यांनी सुयांचा धंदाच बंद केला. आता जुना साठा म्हणून खपवलं जातं त्यात नकली फार.

गोकाक_धबधबा

नवीन आहे, धागा सगळा वाचला. मामांकडं जुना बेल्टवरचा रेकॉर्ड प्लेअर आहे, चांगल्या स्थितीत. त्यावर सुरुवात करू काय? का मोटरवाला कंट्रोलर (लॅपटॉपला जोडतात तो) घेऊ? की साधा छोटा?

खानापूर_कट्टा

बेल्टवर नको. तबकडी अडवली की बेल्ट घसरतो किंवा ताणतो, आणि सोडली की वेगात यायला वेळ लागतो. मामांना ऐकायला राहू दे.

साधा कंट्रोलर घे सुरुवातीला. चाकाला मोटर नसते, सोडल्यावर पुढं ओढायचं काम सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे हाताला ओढ लागत नाही, पण फेडरचा हात त्यावर पुरता शिकता येतो. आणि वरचं सगळं वाचलं असशील तर वेग फेडरचाच आहे. मोटरवाले (रेन वन २०२० ला आला, पायोनियरचा रेव्ह७ २०२२ ला) महाग पडतात. घेण्याआधी कोणाचा तरी हातात घेऊन बघ.

गोकाक_धबधबा

फेडर बदलता येतो काय छोट्या कंट्रोलरचा?

खानापूर_कट्टा

काहींचा येतो, काहींचा बोर्डवरच सोल्डर केलेला असतो. मॉडेल सांग, बघून सांगतो.

चोर्ला_घाट

मी येत्या गणपतीला घरी येतेय. उद्यमबागकर, गोकाक, कोण असेल त्यांनी एका दुपारी बसू या. रात्री नको, दहानंतर स्पीकर लावायची परवानगी नसते आणि मला शेजाऱ्यांशी भांडायचं नाही. हेडफोनचा स्प्लिटर मी आणते. गुरुजी, तुम्ही आलात तर तबला आणाल काय? तुमच्या ठेक्यावर ८७ ला कोणी स्क्रॅच केलेला मला ऐकायचाय.

तबला_शहापूर

येईन. पण ८७ ला नाही, तुम्ही म्हणाल त्या १७४ लाच ठेका धरतो. निम्मी लय तुमची तुम्ही सांभाळा.

निपाणी_बेस

मी बी येतोय, दोन लहान टॉप घिऊन. आरसीए केबली मात्र तुमच्या तुम्ही आणा. माझ्या मंडळाच्या पोरांनी नेल्यात, त्या काय आता परत येत न्हाईत.